सहा ओव्हर्चर आणि त्यांचे सांधे

६ जानेवारी

काम ठरले. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या संगीतिकांची सहा ओव्हर्चर, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीला वाजणारे वाद्यसंगीत, ३० वादकांनी एकाच कार्यक्रमात वाजवायची. गायक नाहीत, पडदा नाही, नेपथ्य नाही. मध्यंतर धरून सगळे एका तासाच्या आत.

निवड अशी: गर्ल क्रेझी (१९३०, जॉर्ज गर्श्विन), कॅरोसेल (१९४५, रिचर्ड रॉजर्स), साउथ पॅसिफिक (१९४९, पुन्हा रॉजर्स), माय फेअर लेडी (१९५६, फ्रेडरिक लो), कँडीड (१९५६, लेनर्ड बर्नस्टाइन) आणि जिप्सी (१९५९, ज्यूल स्टाइन).

ओव्हर्चर म्हणजे नाटकातल्या चालींची माळ, असे सर्रास म्हटले जाते. नजर मण्यांवर जाते, पण माळ तुटते ती गाठीपाशी. चाली वादकांच्या कानात आधीपासून असतात, त्या सहसा कोणी चुकत नाही. एक चाल संपून दुसरी लागते त्या दोन-चार बारांत (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) लय बदलते, पट्टी बदलते, पुढारी वाद्य बदलते, आणि तिथेच वाद्यवृंद फाटतो. म्हणून या प्रकल्पात सरावाचा निम्म्याहून अधिक वेळ सांध्यांना द्यायचा.

हे सांधे बहुतेक वेळा संगीतकाराने लिहिलेले नसतात. गाण्यांचा क्रम आणि पट्ट्या न्यूयॉर्कबाहेरच्या चाचणी प्रयोगांत शेवटपर्यंत बदलत राहतात, त्यामुळे ओव्हर्चर सगळ्यात शेवटी आणि घाईत जुळवले जाते. जुळणी करतो तो ऑर्केस्ट्रेटर, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते लिहिणारा. गर्ल क्रेझी आणि साउथ पॅसिफिक रॉबर्ट रसेल बेनेट यांच्या हातचे, माय फेअर लेडी बेनेट आणि फिलिप लँग यांच्या, जिप्सी सिड रॅमिन आणि रॉबर्ट गिन्झलर यांच्या. कँडीडमध्ये बर्नस्टाइन यांच्याबरोबर हर्शी के होते. कार्यक्रमपत्रिकेत ही नावे संगीतकाराच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापायची.

शब्दाबद्दल एक नोंद. मराठीत याला नांदी म्हणायचा मोह होतो. पण नांदी गायली जाते आणि ती स्तवन असते. इथे शब्द नाहीत, आणि ऐकवल्या जातात त्या पुढे येणाऱ्या गाण्यांच्याच चाली. म्हणून ओव्हर्चर हाच शब्द ठेवला.

९ जानेवारी

यादीत न घेतलेली, आणि का.

वेस्ट साइड स्टोरी: १९५७च्या मूळ प्रयोगाला ओव्हर्चर नव्हतेच. नाटक थेट नाचाच्या प्रोलॉगने सुरू होते, आणि तो नाचाशिवाय अर्धा वाटतो. कॅबरे: ड्रमचा रोल, झांजेचा आघात आणि लगेच पहिले गाणे. फँटम ऑफ द ऑपेरा: ओव्हर्चर लिलावाच्या प्रसंगानंतर येते आणि त्यावर झुंबर वर चढते. ऑर्गनचे ते अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरणारे सूर झुंबराशिवाय आपले काम करत नाहीत. अ लिटल नाइट म्युझिक: ओव्हर्चर पाच गायक गातात, इथे गायक नाहीत. स्वीनी टॉड: आधी ऑर्गन, मग कारखान्याच्या भोंग्याची किंचाळी. परिणाम जबरदस्त आहे, पण तो नाटकाचा भाग आहे.

मॅक अँड मेबल सोडताना खरेच जिवावर आले. १९७४मध्ये नाटक ६६ प्रयोगांत आटोपले. पुढे टॉर्विल आणि डीन या जोडीने १९८२च्या मोसमात बर्फावरच्या नृत्यासाठी त्याचे ओव्हर्चर घेतले आणि नाटक न पाहिलेल्या लाखोंच्या कानांत ते बसले. जेरी हर्मन यांची चाल आणि लँग यांची वाद्ययोजना. ट्रम्पेटवाल्यांना जिप्सीबरोबर एकाच संध्याकाळी हेही वाजवायला लावणे योग्य नाही, एवढ्यासाठी वगळले.

१४ जानेवारी

वादकसंख्या. वुडविंड (फ्लूट, क्लॅरिनेट अशी फुंकवाद्ये) ७, फ्रेंच हॉर्न २, ट्रम्पेट ३, ट्रॉम्बोन ३, तालवाद्ये २, हार्प १, पियानो १, व्हायोलिन ६, व्हायोला २, चेलो २, डबल बास १. एकूण ३०.

वुडविंडमध्ये सात जण का? रॉजर्सच्या नाटकांत फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून अशी जुन्या वळणाची मांडणी आहे. गर्ल क्रेझी आणि जिप्सीत तोच वादक क्लॅरिनेट खाली ठेवून सॅक्सोफोन उचलतो. ओबो आणि बसून वाजवणाऱ्याला सॅक्सोफोन येईलच असे नाही. त्यामुळे पाच खुर्च्या, पण माणसे सात. दोघे जण कृतीनुसार बदलतील. हा बदल मध्यंतरात उरकता यावा, हा क्रम ठरवताना एक निकष.

पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याची स्वरलिपीची वेगळी पाने, भाड्याने आले. सही करतानाच वादकांना तीन सूचना दिल्या: फक्त मऊ पेन्सिल, पानांना चिकटपट्टी नाही, आणि वाद्य कमी करणे किंवा ओळ दुसऱ्या वाद्याला देणे परवानगीशिवाय नाही.

१९ जानेवारी

पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी, प्रत्येक ओव्हर्चरचा मिळत नाही. जुन्या संगीतिकांत संचालक पियानो-कंडक्टर स्कोअरवरून चालवतो. म्हणजे पियानोच्या दोन-तीन ओळी आणि वर बारीक अक्षरांत कोणते वाद्य कुठे येते याच्या खुणा. आतला स्वर कोणी वाजवायचा ते त्यात दिसत नाही. सरावात एखादी स्वरसंगती कडवट लागली तर चूक वादकाची की पार्टाची, हे तिथल्या तिथे कळत नाही.

तोड अशी: पियानोवर ती संगती दाबून धरायची आणि एकेका वाद्याने आपला स्वर लांबवायचा. बी फ्लॅट ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतात, एफ हॉर्न पंचमाने खाली. ऑल्टो सॅक्सोफोन त्याहून खाली, शुद्ध धैवताएवढा. हाताने उतरवलेल्या पार्टांत चुका होतात त्या या बदलात, आणि बहुधा नॅचरलचे, म्हणजे चढवलेला-उतरवलेला स्वर मूळ जागी आणणारे, चिन्ह गळते. आज दोन तासांत अशा अकरा चुका सापडल्या. नऊ पट्टी बदलण्याच्या आगे-मागे, म्हणजे सांध्यांवरच. जुनी पट्टी डोक्यात ठेवून पुढचा बार उतरवला की असेच होणार.

शुद्धिपत्रक सुरू केले: कृती, पार्ट, बार क्रमांक, छापलेला स्वर, हवा असलेला स्वर.

त्याच वहीत सांध्यांचा तक्ता आखला. प्रत्येक सांध्यासमोर पाच रकाने: जुनी लय, नवी लय, दोहोंतले नाते, पुढारी वाद्य, श्वास कोणी कुठे घ्यायचा. एका ओव्हर्चरमध्ये चार-पाच चाली, म्हणून सांधेही साधारण तितकेच.

२४ जानेवारी

वाद्य बदलण्याचा वेळ घड्याळाने मोजला. लय मिनिटाला १६८ मात्रांची असेल तर चार मात्रांचा बार १.४३ सेकंदांत जातो. सहा बारांची विश्रांती कागदावर ऐसपैस दिसते, पण ती ८.६ सेकंदांची आहे. एवढ्यात सॅक्सोफोन पट्ट्याला लटकत सोडायचा, खुंटीवरची फ्लूट उचलायची, ओठ बसवायचे आणि पहिला स्वर सुरात लावायचा. पाच सेकंदांहून कमी वेळ असेल तिथे बदल करायचाच नाही, ओळ शेजाऱ्याकडे द्यायची. असे दोन प्रसंग निघाले. त्यांची परवानगी मागितली.

बराच वेळ पडून राहिलेली फ्लूट गार होते आणि स्वर खाली लागतो. हवेतला ध्वनीचा वेग अंशामागे सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. नळीतली हवा गार, तर स्वर उतरलेला. म्हणून उचलल्यावर आवाज न काढता दोन श्वास नळीतून सोडायचे. याची खूण पार्टात बाणाने केली.

खुंट्यांचे स्टँड उजवीकडे की डावीकडे, हे प्रत्येकाने ठरवून जमिनीवर टेपची खूण करायची. जागा रोज बदलली तर हात अंदाजाने जाणार नाही.

२ फेब्रुवारी. माय फेअर लेडी

सुरुवात ‘यू डिड इट’च्या उसळत्या चालीने, मग ‘ऑन द स्ट्रीट व्हेअर यू लिव्ह’, शेवटाकडे ‘आय कुड हॅव डान्स्ड ऑल नाइट’. तीन चाली, तीन स्वभाव: बढाई, ओढ, आनंद. बेनेट आणि लँग यांची कारागिरी अशी की ऐकणाऱ्याला वळण कळत नाही, फक्त आपण दुसरीकडे आलो एवढे जाणवते.

आज पहिला सांधा पन्नास मिनिटे घोटला. उसळत्या चालीचा वेग उतरवताना संचालक हात मोठा करतो, आणि हात मोठा झाला की ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, हॉर्न ही पितळी वाद्ये) जोरात वाजवते. नेमका इथे आवाज कमी हवा. उपाय: वेग उतरताना हात लहान करायचा आणि शेवटच्या दोन मात्रा अर्ध्या-अर्ध्या करून दाखवायच्या. दुसऱ्या वेळी व्हायोलिन एकत्र आले.

हार्पचाही प्रश्न याच जागी. हार्पला सात पेडल. नव्या पट्टीसाठी ती आधी बदलून ठेवावी लागतात, आणि स्वरांची ती लांब सरक अशी सुरू व्हावी लागते की तिचा शेवट नव्या चालीच्या समेवर पडेल. संचालक रोज वेगळ्या प्रमाणात लय ओढत असेल तर हार्पवाला कुठे सुरू करणार? आज तिन्ही वेळा ती लवकर संपली आणि समेच्या आधी पोकळी राहिली. म्हणून लय किती ओढायची ते आकड्यात बांधले: १२६ वरून तीन बारांत ८४. मेट्रोनोमवर नुसते हात हलवून सहा वेळा केले, मग वाद्ये घेतली.

५ फेब्रुवारी. कँडीड

आकडा आधी: दोन मात्रांचा बार, मात्रा १३२. बार एका सेकंदाहून कमी. पूर्ण कृती साडेचार मिनिटांच्या आसपास.

सुरुवातीच्या ललकारीत खालच्या स्वरावरून कोमल निषादाएवढी झेप आहे. ट्रम्पेट ती झेप घेताना वरचा स्वर पक्का लागावा म्हणून खालचा लांबवतात, आणि पहिल्याच बारात लय मागे जाते. खालचा स्वर तोडून, कोरडा वाजवायचा. वरचा आपोआप सापडतो.

मधली गाती चाल ‘ओ, हॅपी वी’ या द्वंद्वगीताची. गीत मूळ ७/४ मात्रांत आहे, म्हणजे दोन-दोनच्या मोजणीत ते बसत नाही. ओव्हर्चरमध्येही बारांची लांबी बदलती राहते, आणि चाल इतकी प्रेमळ आहे की वादक मोजणे सोडून देतात. प्रत्येकाने बारावर पेन्सिलने मात्रांचा आकडा लिहायचा. सवय झाली तरी खोडायचा नाही.

शेवटी ‘ग्लिटर अँड बी गे’मधले हसण्याचे तुकडे येतात आणि वेग आणखी वाढतो. इथे हळू आवाजात धावण्याची खोड दिसली. आवाज लहान झाला की वादक घाई करतात, कारण स्वतःचे स्वर नीट ऐकू येत नाहीत. आज १३२ला सुरू करून शेवटी १५२ झाले. वाढ लिहिलेल्या जागेच्या आधीच झाली होती.

८ फेब्रुवारी. कँडीड, संचालकाशिवाय

हे नाटक ७३ प्रयोगांत बंद झाले, पण ओव्हर्चर पहिल्या प्रयोगानंतर दोन महिन्यांच्या आत, २६ जानेवारी १९५७ रोजी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने मैफलीत वाजवले आणि ते तिथेच राहिले. बर्नस्टाइन यांच्या निधनानंतर हा वाद्यवृंद त्यांच्या स्मरणार्थ ते संचालकाशिवाय वाजवत आला आहे. २६ फेब्रुवारी २००८ला प्योंगयांगच्या मैफलीतही तसेच वाजवले.

सरावासाठी यासारखा उपाय नाही. संचालक बाजूला बसला. पहिल्या फेरीत दोन सांधे कोसळले. दुसऱ्या फेरीत पहिला व्हायोलिनवाला आणि टिम्पनी (सुरात लावलेले मोठे नगारे) यांच्याकडे सगळ्यांचे कान गेले. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत गेलो आणि शेवटची लय निघाली १३८. हातामागे धावणे थांबले आणि ऐकणे सुरू झाले.

पुढच्या सगळ्या सरावांत प्रत्येक सांधा एकदा संचालकाशिवाय वाजवायचा, असे ठरले.

१३ फेब्रुवारी. कॅरोसेल

याला ओव्हर्चर म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चूक. रॉजर्स यांनी नेहमीचे ओव्हर्चर लिहिलेच नाही. उशिरा येणारे प्रेक्षक, खुर्च्यांचा खडखडाट, गप्पा, यांत ते वाया जाते हे त्यांना खुपत होते. त्याऐवजी पडदा वर जातो आणि जत्रेतल्या फिरत्या चक्रासमोर मूकनाट्य चालते. त्याखाली हे वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचे नाचाचे संगीत, वाजते. प्रेक्षक पाहण्यासाठी गप्प होतात आणि ऐकतात.

सुरुवातीचे खटकणारे स्वर मुद्दाम लिहिलेले आहेत, चक्राचा बेसूर ऑर्गन सुरू होताना लागतो तसे. आज दोघांनी ते पार्टातली चूक समजून पेन्सिलने दुरुस्त केलेले सापडले. शुद्धिपत्रकाच्या वरच लिहिले: हे बार बदलू नयेत.

वॉल्ट्झ बाराला एक मात्रा धरून चालवायचे. तीन मोजले की चक्र अडखळते. दुसरी-तिसरी मात्रा वाजवणारे व्हायोला आणि हॉर्न जड होतात, कारण तोच एक स्वर त्यांना पानोपान वाजवायचा आहे. धनुष्याच्या मधल्या भागात, एक इंचाहून कमी लांबी, दुसरी मात्रा तिसरीपेक्षा किंचित जास्त. व्हिएनाच्या पद्धतीने दुसरी मात्रा आधी टाकायची नाही. हे यंत्र आहे, नियमित फिरते.

१७ फेब्रुवारी. गर्ल क्रेझी

१४ ऑक्टोबर १९३०च्या पहिल्या प्रयोगाला पिटमध्ये, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात, रेड निकोल्सचा वाद्यवृंद होता. त्यात बेनी गुडमन, ग्लेन मिलर, जीन क्रूपा. त्या रात्री संचालन स्वतः गर्श्विन यांनी केले. हे वाजवायला बसताना एवढे लक्षात असले की पुरे: पिटमधली माणसे नाचाच्या बँडमधली होती.

म्हणून ड्रमसेटचा प्रश्न आधी सोडवला. आजचा ड्रमर मोठ्या झांजेवर सलग ठेका धरतो. ती पद्धत नंतरची. १९३०साठी स्नेअरवर (खाली तारा ताणलेल्या ड्रमवर) दाबलेला रोल, लाकडी ठोकळा, झांज वाजवून लगेच हाताने पकडणे, आणि बास ड्रम पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर. डबल बासही दोनच मात्रांवर. एवढा बदल केला आणि ब्रासचा आवाज न सांगता हलका झाला.

‘आय गॉट रिदम’ची गंमत आकड्यात मांडता येते. पहिली मात्रा रिकामी, मग दीड-दीड मात्रेचे स्वर. खाली चारची चाल, वर दीडची, दोन्ही आठव्या मात्रेनंतर पुन्हा भेटतात. व्हायोलिन रिकाम्या मात्रेनंतर घाईने शिरत होते. त्यांना ती मात्रा टाच टेकवून वाजवायला लावली.

जुन्या पार्टांत झोकदार लय पाऊण-पाव अशी लिहिलेली असते. तशीच वाजवली तर लष्करी कवायत होते. पहिल्या स्वराला दोन भाग, दुसऱ्याला एक, असे तीन भागांत वाजवायचे. बँडमध्ये वाढलेल्यांना हे सांगावे लागत नाही, तंतुवाद्यांना लागते. सहा व्हायोलिन सॅक्सोफोनच्या मागे बसवून दोन वेळा ऐकवले, मग वाजवले. तोंडी समजावण्यापेक्षा लवकर जमले.

२२ फेब्रुवारी. साउथ पॅसिफिक

तीन स्वर. खालचा, त्याचाच वरच्या सप्तकातला, आणि मग अर्ध्या स्वराने खाली. ‘बाली हाय’ची ही हाक सगळ्या ब्रासने सुरुवातीलाच द्यायची. बेनेट यांनी नाटक एका ओळीत सांगितले आहे: दूरचे बेट, तिथे पोचायची ओढ, आणि हात पोचता पोचता निसटणे. तो तिसरा स्वर म्हणजे निसटणे.

चुकते ते तिथेच. पहिल्या दोन स्वरांचे सप्तक सुरात यावे म्हणून सगळा जोर दुसऱ्या स्वरावर पडतो आणि तिसरा उरल्यासुरल्या श्वासावर येतो. पहिले दोन आखूड आहेत, तिसरा लांब. वजन तिसऱ्यावर. आज ब्रासला आधी फक्त तिसरा स्वर धरायला लावला, चाळीस सेकंद, पियानोवर खालची संगती देऊन. तो खटकणारा आहे, हे कानाला मान्य होईपर्यंत. मग मागचे दोन स्वर जोडले.

२००८मध्ये लिंकन सेंटरच्या पुनरुज्जीवनात ओव्हर्चर चालू असताना रंगमंचाची जमीन मागे सरकली आणि खाली बसलेले ३० वादक दिसले. आपलेही ३०च. जमीन सरकवणे शक्य नाही, पण प्रकाशाचा एक निर्णय त्यावरून घेतला: हाक पूर्ण होईपर्यंत फक्त स्टँडचे दिवे, मग वरचा प्रकाश. स्टँडचे दिवे ३० पुरत नाहीत. तालवाद्यांना दोन-दोन, हार्पला दोन, संचालकाला दोन. ३५ मागवले.

२६ फेब्रुवारी. जिप्सी, पहिला दिवस

आमच्या मते हे सगळ्यांत थोर ओव्हर्चर. इथे सांधे झाकलेले नाहीत. उघड्या टाक्यांसारखे दिसतात आणि त्यांतच नाटकाचा स्वभाव आहे: धक्के देत पुढे जाणारी बाई.

सुरुवात ‘आय हॅड अ ड्रीम’च्या चार स्वरांनी. चार स्वर, मग मोकळी जागा. ती जागा भरायची नाही. टिम्पनीचा नाद हाताने बंद करायचा, झांज छातीला लावून थांबवायची, डबल बासने तारेवर हात ठेवायचा. आज झांज वाजत राहिली आणि पुढचा हल्ला त्यात बुडाला.

‘एव्हरीथिंग्ज कमिंग अप रोझेस’ला वेग नको, वजन हवे. वादकांना मजा येते आणि लय सहज दहाने चढते. चढली की ट्रॉम्बोनचे तुकडे अस्पष्ट होतात, कारण सरकपट्टीला दोन जागांमधले अंतर कापायला वेळ लागतोच. ट्रॉम्बोन स्पष्ट ऐकू येतात ती लय बरोबर, हे माप ठेवले.

‘स्मॉल वर्ल्ड’मध्ये जाताना सगळा गोंगाट एकदम खाली येतो. सहा व्हायोलिनना इथे पहिल्यांदा गाता येते. मागे ट्रम्पेटवाले तुतारीसारखे जोरात वाजवून नुकतेच थांबलेले, आणि पाणी काढण्याचा खळखळाट नेमका इथे. पाणी काढायची जागा आठ बार पुढे ठरवली आणि पार्टात थेंबाची खूण केली.

२ मार्च. जिप्सी, ट्रम्पेटचा भाग

बर्लेस्कच्या, म्हणजे कपडे उतरवत नाचण्याच्या खेळाच्या, चालीवर ट्रम्पेट किंचाळतो तो भाग. चार तास फक्त यावर.

लय मंद, आणि प्रत्येक मात्रेचे तीन भाग. ट्रम्पेट घशातून गुरगुरत वाजवायचा, डाव्या हातातल्या रबरी वाटीने तोंड उघडझाक करत. वाटी पूर्ण झाकली की स्वर सरकतो आणि दबतो, म्हणून बोटभर फट ठेवायची. वरचे स्वर ओठ दाबून काढले तर दोनदा निघतात, तिसऱ्यांदा फुटतात. पोटातून हवा, ओठ सैल. सरावात वरचा भाग तीनदाच पूर्ण आवाजात, बाकी वेळा एक सप्तक खाली.

ड्रमचे ठोके ट्रम्पेटच्या स्वरांवर पडायला हवेत. ड्रमर ट्रम्पेट ऐकून वाजवत होता, म्हणजे कायम पापणीभर उशीर. नाचणारी कमरेचा झटका देते आणि ठोका त्याच क्षणी पडतो, नंतर पडला तर झटका वाया. ट्रम्पेट उभा राहून वाजवणार असे ठरल्यावर प्रश्न सुटला: ड्रमरला त्याचा खांदा दिसतो. श्वास घेताना खांदा उचलतो, तिथून मोजायचे.

उभे राहण्याचा दुसरा फायदा, ट्रम्पेटची घंटा, म्हणजे पुढचे रुंद तोंड, स्टँडच्या वर येते आणि आवाज थेट पोचतो. बसायचे कधी, तेही लिहिले: चाल संपल्यावर लगेच नाही, पुढच्या सांध्याच्या दुसऱ्या बारात. आधी बसला तर प्रेक्षक टाळ्या सुरू करतात आणि सांधा ऐकू येत नाही.

म्यूटबद्दल (आवाज दाबायला वाद्याच्या तोंडात बसवायचे बूच) सर्वसाधारण नोंद: स्ट्रेट आणि हार्मन म्यूट लावले की स्वर चढतो. सुराची नळी किंचित बाहेर ओढायची, काढल्यावर परत. विसरतात ते परत ढकलायला.

६ मार्च. बैठक

पिटमध्ये ब्रास खड्ड्यात असते आणि आवाज वर येईपर्यंत मऊ होतो. सपाट मंचावर तोच फोर्टे (जोरदार आवाज) सहा व्हायोलिनना गिळतो. ब्रास डाव्या बाजूला तिरकी बसवली, घंटा प्रेक्षकांकडे नाही तर समोरच्या विंगेकडे. हॉर्नच्या घंटा मागे असतात, म्हणून त्यांच्या मागे जड पडदा नको, कडक पृष्ठभाग हवा. व्हायोलिन बाहेरच्या कडेला, हार्प त्यांच्या मागे. हार्पपासून ड्रमसेट शक्य तेवढा दूर, नाहीतर स्नेअरच्या तारा हार्पच्या खालच्या स्वरांबरोबर झणझणतात.

शिवाय चाल स्ट्रिंग्जकडे, म्हणजे तंतुवाद्यांकडे, असेल तिथे ब्रासच्या पार्टात फोर्टे खोडून मेझोफोर्टे, म्हणजे मध्यम जोर.

९ मार्च. शेवट

नाटकात ओव्हर्चर संपत नाही, पहिल्या प्रवेशात शिरते. माय फेअर लेडीचे शेवटचे बार कॉव्हेंट गार्डनच्या रस्त्यावर उतरतात. मैफलीत तिथे थांबलो तर पायरी चुकल्यासारखे वाटते. भाड्याच्या संचात मैफलीसाठी वेगळा शेवट आहे का, ते आधी पाहायचे. आहे, फक्त तो पार्टांच्या शेवटी सुट्या पानावर आहे आणि दोन व्हायोलिनच्या पार्टांत ते पान नव्हतेच. मागवले.

११ मार्च. क्रम

कँडीडने सुरुवात करायची कल्पना सोडली. गार ओठ आणि गार पिकोलो (छोटी फ्लूट) घेऊन ती झेप घेणे धोक्याचे. माय फेअर लेडी, कँडीड, कॅरोसेल. मध्यंतर, दोन वुडविंडवाल्यांची अदलाबदल. गर्ल क्रेझी, साउथ पॅसिफिक, जिप्सी. साउथ पॅसिफिकसाठी ओबो आणि बसून परत हवेत, म्हणून त्या दोघांच्या खुर्च्या दुसऱ्या अंकातही मागे राखून ठेवल्या. साउथ पॅसिफिकमध्ये दुसऱ्या ट्रम्पेटने पहिल्याच्या काही ओळी उचलायच्या, जिप्सीसाठी ओठ शिल्लक राहावेत म्हणून.

१४ मार्च. पूर्ण फेरी

दोन सांधे अजून कच्चे. कॅरोसेलमधला वेग वाढतो तो, आणि जिप्सीत ‘स्मॉल वर्ल्ड’मधून बाहेर पडतानाचा. दुसऱ्याचे कारण सापडले: हॉर्नने धरलेला स्वर दोन्ही पट्ट्यांत आहे, पण जुन्या पट्टीत तो संगतीचा तिसरा स्वर आहे आणि नवीत पाचवा. तिसरा म्हणून थोडा खाली लावलेला स्वर पाचवा झाल्यावर बेसूर लागतो. हॉर्नने बार बदलताना ओठाने तो कणभर वर घ्यायचा. बाण काढून दिला. तीनदा वाजवले, तीनदा बसले.

१७ मार्च. परतीचे पार्ट

पेन्सिलच्या खुणा खोडल्या, खाजगी खुणा आधी: थेंब, बाण, टेपच्या जागा. शुद्धिपत्रकात एकूण तेवीस नोंदी. त्याची स्वच्छ प्रत पार्टांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली, बार क्रमांकांसह, म्हणजे पुढच्या वाद्यवृंदाचे दोन तास वाचतील. सांध्यांचा तक्ता इथेच ठेवला.